डाव्या कोपऱ्याची आई

आमच्या घरात कबड्डीवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी दुसऱ्या कशावरूनही झाली नसतील. नवरा गावच्या मंडळाचा सेक्रेटरी, तरुणपणी स्वतः खेळलेला. त्याचं म्हणणं एकच: माणूस मंडळाचा असतो. माझं म्हणणं त्याहून सोपं होतं. मंडळ काही चढाईला जात नाही, चढाईला माणूस जातो, आणि मी त्या माणसाला बघायला येते.

"मंग उद्या तो दुसरीकडं खेळला तर?" नवरा विचारायचा.

"मंग तिकडं जाईन बगायला," मी म्हणायचे.

तेव्हा हे नुसतं एकमेकांना चिडवणं होतं. पोरगं हसायचं, भाकरी खायचं, संपायचं.

आमचं गाव पनवेलजवळ, विचुंब्याच्या अंगाला. चारी बाजूंनी इमारती उठल्या, शेतं गेली, पण देवळामागचं मैदान राहिलं. मी मूळची उरणची, मासळीवाल्या घरातली. आई बाजारात बसायची आणि तिचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. तो आवाज तिने मला दिला. नवीन पनवेलला एका शाळेच्या ऑफिसात मी कारकून आहे, तिथे तो दाबून ठेवावा लागतो. मैदानावर सोडता येतो.

लग्न होऊन आले तेव्हा मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं. वर्षानुवर्षं मी नवऱ्याच्या मागे जाऊन बसायचे आणि जांभया द्यायचे. मग एका मोसमात आमच्या मंडळातून सतरा वर्षांचा एक मुलगा चढाईला उतरला. शेजारच्या मावशीचा सख्खा भाचा. काटकुळा, पायात चपळाई अशी की बघणाऱ्याला वाटावं, याला जमीन लागतच नाही. मध्यरेषा ओलांडताना तो हलकंसं हसायचा. समोर सातजण टपलेले आणि हा हसतोय! त्या दिवशी माझी जांभई गेली ती कायमची.

त्याच्यात एकच खोट होती. समोरच्या संघाच्या उजव्या कोपऱ्याला उभ्या गड्याला पायाच्या अंगठ्याने शिवायचा त्याला नाद. तिकडे गेला की आपल्याला पाठ आहे हेच तो विसरायचा, आणि डावा कोपरा मागून येऊन त्याची कंबर धरायचा. तीनदा मी ते मुकाट बघितलं. चौथ्यांदा राहवलं नाही. बसल्या जागेवरून ओरडले, "पाठीऽऽ!" तो गर्रकन वळला, मागून येणाऱ्याच्या हातावर थाप मारली आणि दोन गडी बाद करून परत आला. त्या दिवसापासून ते माझं कामच होऊन बसलं. नऊ वर्षं मी त्याची पाठ राखली.

बायका हसायच्या. "वयनी हायेत म्हनून तो परत येतो," म्हणायच्या. मी वरवर "काहीतरीच तुमचं" म्हणायचे, पण मनातून मला ते शंभर टक्के खरं वाटायचं. एवढी माणसं ओरडतात, पण तो वळतो माझ्या आवाजावर, अशी माझी खात्री होती. त्याच्याशी मी आयुष्यात चार वाक्यं बोलले असेन. जेवायला बोलावलं नाही, फोटो काढून घेतला नाही. असल्या कशाची मला गरजच नव्हती.

माझा मुलगाही त्याच मंडळात. तो पकड करणारा, डावा कोपरा. दोन वर्षं राखीव बसला, मग त्याला जागा मिळाली. मी त्याचे सामने चुकवले नाहीत, पण खरं सांगायचं तर मी मैदानावर त्याला फार बघत नव्हते. चढाई आपल्याकडून असली की सावरून बसायचं, समोरच्यांकडून असली की पाणी प्यायचं, शेजारणीशी बोलायचं, अशी माझी रीत. आपल्या मुलाची पकड असायची ती नेमकी याच वेळात. हे तेव्हा मला टोचलंही नाही.

मागच्या दिवाळीनंतर तो चढाईपटू आमचं मंडळ सोडून गेला. खाडीपलीकडच्या एका मंडळाने त्याला पोर्टात कायमची नोकरी लावून दिली, आणि तो त्यांच्याकडून खेळू लागला. गावात कुणी गेल्यासारखं झालं. मंडळाच्या खोलीतले त्याचे फोटो नवऱ्याने स्वतः उतरवले. मी भांडले.

"त्यानं काय गुन्हा केला? तुमी दिली असती नोकरी?"

"त्याला आमी घडवला. मातीतून मॅटवर आमी नेला."

"नेला आसंल. पन पाय त्याचे व्हते ना!"

नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी पण नाकावर राग घेऊन फिरले. मुलाने मधे तोंड घातलं नाही. तो एवढंच म्हणाला, की आता समोर आला तर त्याला धरायचं कसं ते बघायला पाहिजे. त्याच्याबरोबर तीन वर्षं सराव केलेला, त्यामुळे त्याची पाठ कधी उघडी पडते हे माझ्याइतकंच माझ्या मुलालाही माहीत होतं.

मार्चमध्ये पनवेलला मोठी स्पर्धा झाली आणि व्हायचं तेच झालं. अंतिम सामन्यात आमचं गाव आणि त्याचं नवं मंडळ समोरासमोर. त्याच सामन्याला जिल्ह्याच्या संघाची निवड करणारे तिघे येऊन बसणार होते. मुलाचं नाव दोनदा यादीच्या तोंडाशी येऊन राहिलं होतं. तेवीस संपून चोविसावं लागलेलं, कंत्राटावरची नोकरी, पाळ्या करून सराव. या वेळी नाही तर पुढे कोण विचारणार, हे घरात कोणी बोललं नाही, पण तिघांनाही ठाऊक होतं. सकाळी त्याने जेवण टाकलं. मी जबरदस्तीने केळं खायला लावलं.

निघताना नवरा मला म्हणाला, "आज तोंड सांभाळ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा पोरगा खेळतोय. मला शिकवू नका."

आणि मी ते मनापासून बोलले होते. रिक्षात बसून मी देवाला सांगितलं, की त्या दुसऱ्याला आज सपशेल अपयश दे. एवढं स्पष्ट मी देवाशी कधी बोलले नव्हते.

आम्ही बायका मॅटच्या टोकाला, आमच्या नेहमीच्या बाजूला बसलो. माझ्या उजवीकडे मावशी. तिची अवस्था माझ्याहून वाईट. भाचा एकीकडे, गाव दुसरीकडे. ती पदराचं टोक चावत बसली होती आणि कोणाच्याच गुणावर टाळी वाजवत नव्हती. समोर तिघे निवड करणारे, मांडीवर कागद.

त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्या मुलाला खेळताना नीट बघितलं. त्याने दोन पकडी अशा केल्या की एका निवडकर्त्याने शेजारच्याला कोपराने ढोसलं. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हा एवढा शांत उभा राहतो, हात हलकेच पसरून, श्वाससुद्धा वाजू देत नाही, हे मला इतकी वर्षं दिसलंच नव्हतं.

पण तो दुसराही रंगात होता. पिवळ्या जर्सीत. आम्ही पाच गुणांनी पुढे होतो ते तीन झाले, मग एक. अठ्ठावीस-सत्तावीस. शेवटची चढाई त्यांची, आणि यायचा तोच आला. आमच्याकडे मॅटवर चौघे उरलेले, त्यात डाव्या कोपऱ्याला माझा मुलगा. धरला तर सामना आमचा, करंडक आमचा, आणि ती पकड मुलाने केली तर यादीत नाव लिहिण्यावाचून त्या तिघांना गत्यंतर नव्हतं. मैदानात इतका वेळ कान फाडणारा गलका एकदम बसला. त्याचा दम तेवढा ऐकू येत होता.

तो मध्यरेषा ओलांडताना हसला. मग डावीकडे दोन पावलं, परत मधे, आणि एकदम उजव्या कोपऱ्याकडे. अंगठा शिवला. बरोबरी झाली असती, पण त्याला परत जायचं होतं, आणि त्याची पाठ सताड उघडी पडली होती. डावा कोपरा निघाला. मला सगळं दिसलं, नेहमी दिसायचं तसंच. उघडी पाठ, आणि मागून येणारे हात.

"पाठीऽऽ!"

मी ते तोंडातून जाताना ऐकलं. थांबवता आलं नाही असं म्हणणार नाही, कारण थांबवायचा विचारच आला नाही. तो वळला, मागून आलेल्याच्या खांद्यावर थाप मारली, झेपावला, आणि त्याची बोटं मध्यरेषेपलीकडे पडली. दोन गुण. अठ्ठावीस-एकोणतीस. पलीकडच्या बाजूला ढोल सुरू झाले. माझा मुलगा मॅटवर गुडघ्यांवर बसून राहिला. कोणीतरी त्याला हात देऊन उठवला.

मावशीने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग तिने पदर सारखा केला आणि समोर बघत राहिली.

सामना मोबाइलवर थेट दाखवत होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती शेवटची चढाई प्रत्येकाच्या फोनमध्ये होती. चित्रात बायका दिसत नाहीत, पण आवाज स्वच्छ ऐकू येतो. आणखी एक गोष्ट दिसते. पकडीला निघालेला माझा मुलगा ऐन वेळी अर्धवट थबकतो, त्याची मान क्षणभर भलतीकडेच वळते. खाली लोकांनी लिहिलं होतं, डाव्या कोपऱ्याचं लक्ष कुठं होतं, घाबरला, हातचा सामना घालवला. मी ते वाचत बसायचे. शाळेच्या ऑफिसात फॉर्म तपासताना ड्रॉवरमध्ये फोन ठेवून वाचायचे. चार दिवसांनी यादी लागली. मुलाचं नाव नव्हतं. तो कामावर गेला, कामावरून आला, भाजीत मीठ कमी आहे म्हणाला. एवढंच.

गावाला मात्र त्या आवाजाचा धनी हवा होता. बायकांच्या घोळक्यातून आलेला, आमच्याच बाजूने, त्याला सावध करणारा आवाज. आणि त्याची सख्खी मावशी तिथेच बसलेली. कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही. सगळं खापर तिच्यावर फुटलं. माझा आवाज एवढी वर्षं ऐकलेला, पण डाव्या कोपऱ्याची आईच असं ओरडेल हे कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. नळावर बायका मावशीला टाळून बोलू लागल्या. मावशी सगळं ऐकून घ्यायची. तिने एका शब्दाने माझं नाव घेतलं नाही, आणि मी मूग गिळून बसले. मला लाज वाटत होती. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. गावाची नाही, नवऱ्याचीसुद्धा नाही. मुलाला कळलं तर तो माझ्याकडे कसा बघेल, याची. मी त्याच्या ताटात वाढताना त्याच्या नजरेला नजर देत नव्हते.

शनिवारी नवरा मंडळातून आला आणि खुर्चीत बसता बसता म्हणाला, "उद्या मीटिंग हाय. मोसमाच्या पयल्या दिवशी पोरांना ओवाळायचा मान मावशीकडनं काढायचा ठरलाय."

तो मान तिचा कधीपासून होता ते सगळ्यांना माहीत होतं. तिचा नवरा मंडळाचा पहिला कर्णधार. तो गेल्यावरही ताम्हण तिच्याच हातात राहिलं. माझ्या मुलाच्या कपाळालाही पहिला टिळा तिनेच लावलेला.

"मंग कोन ओवाळनार?" मी विचारलं.

"तू," तो म्हणाला. "सगळ्यांनी एकमतानं तुझं नाव घेतलं."

त्या रात्री मी झोपले की नाही ते विचारू नका. सकाळी देवळाच्या सभामंडपात गेले. बायका मीटिंगला सहसा नसतात, त्यामुळे सगळ्यांना वाटलं मी मान घ्यायला आले. जागा करून दिली. नवरा वहीत लिहीत होता. मावशी मागे खांबाला टेकून उभी होती, तिला बोलावून घेतलं होतं. मुलगा बाकीच्या खेळाडूंबरोबर पायरीवर.

"मावशी नाय वरडली," मी म्हणाले. "मी वरडले."

माझा हा आवाज, बाजारभर जाणारा, तेव्हा इतका बारीक निघाला की अध्यक्षांनी "काय?" म्हणून परत विचारलं. मग मी मोठ्याने सांगितलं. नवऱ्याचं पेन थांबलं. त्याने मान वर केली नाही.

"वयनी, आवो तुमचा सोताचा पोरगा व्हता तिकडं," कोणीतरी म्हणालं.

"माहीत हाय मला," मी म्हणाले. "मी त्यालाच बगायला गेलते. दुसऱ्या मंडळाला जिंकवायचं माझ्या डोक्यात नव्हतं, देवाची शपथ. त्याची पाठ उघडी दिसली आनि तोंड उघडलं. नऊ वरसांची सवय. आता मला काय बोलायचं ते बोला, पन तिला बोलू नका. मान तिचाच हाय."

मग बोलणं खूप झालं. एकजण म्हणाला, म्हणूनच सांगत होतो, एकेका माणसाच्या नादी लागू नये. दुसरा म्हणाला, बाईमाणूस आहे, सोडा. त्याचा मला जास्त राग आला. मावशीचा मान राहिला. ती जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली, आणि तो हात मला सहन झाला नाही. नवरा वही बंद करून माझ्या पुढे चालत घरी गेला. रस्ताभर मी त्याची पाठ बघत होते.

मुलगा दुपारी घरी आला. मागच्या पडवीत बसून गुडघ्याला पट्टी बांधत होता, संध्याकाळी सराव होता. मी जवळ जाऊन उभी राहिले. आठवडाभर जे शब्द जमवले होते त्यांतला एकही कामाला आला नाही.

"तुझी पकड माझ्यामुळं गेली," मी म्हणाले. "मी त्याला सावध केलं. तुझं नाव माझ्यामुळं गेलं."

तो पट्टी गुंडाळत राहिला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"त्यानं नाय ऐकलं," तो म्हणाला.

"काय नाय ऐकलं?"

"तुझा आवाज. त्याचा फोन आलता मला, सामन्याच्या दुसऱ्या दिवशी. मीच इचारलं त्याला. तर म्हनला, चढाईत मला कायच ऐकू येत नाय. आपला दम सोडून कायच नाय. कदीच येत नाय म्हनला, पयल्या दिवसापासून. उलट तोच मला इचारत व्हता, तू माझ्या कमरेपाशी आलतास, मंग थांबलास का?"

मी पडवीच्या कडेला त्याच्या शेजारी बसले. नऊ वर्षं कुठल्या कुठे गेली.

"मंग? का थांबलास?"

त्याने पट्टीचं टोक आत खोचलं. माझ्याकडे बघितलं नाही. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती.

"तू वरडलीस ना," तो म्हणाला. "मी ऐकलं. मला वाटलं, मला सांगतेस. म्हनून मी पाठी बगितलं."